नंबर सांगा!

आपल्याकडे मेलेल्या माणसाची जेवढी सोय आहे, तेवढी जिवंताची नाही. मेलेल्यासाठी दहावा आहे, तेरावा आहे, वर्षश्राद्ध आहे, पितृपक्षाचा अख्खा पंधरवडा आहे. कावळा शिवेनाच, तर दर्भाचा कावळा करायची तरतूद आहे. धर्माने मृताची एवढी बडदास्त ठेवल्यावर सरकारने मागे का राहावे? सरकारने मृतासाठी दप्तर ठेवले. गेलेल्या माणसाने काय ठेवले, कोणाला ठेवले, खरा वारस कोण आणि उपटसुंभ कोण, याचा एकेक कागद शिक्का मारून, दोरीने आवळून, लाल फडक्यात गुंडाळून फळीवर ठेवलेला आहे. जिवंत माणसाला मात्र त्या फळीपासून चार हात लांब ठेवले आहे. पिंड ठेवला तर उशिराने का होईना, कावळा येतो. अर्ज ठेवला तर कोणीही येत नाही.

माझे भांडण त्या फळीवरच्या कागदाशी नाही, आणि कागद राखणाऱ्या कारकुनाशी तर मुळीच नाही. भांडण आहे ते एका प्रश्नाशी. प्रश्न दोनच शब्दांचा आहे. आमच्या पालघर-बोईसरकडे घरात मयत झालेल्या प्रत्येक माणसाने तो निदान एकदा ऐकलेला असतो. 'नंबर सांगा.'

आधी हे कागद तरी कोणकोणते, ते सांगतो. पुष्कळांचा असा समज असतो की माणूस गेला, की 'वारस दाखला' नावाचा एक कागद आणायचा आणि हात जोडून मोकळे व्हायचे. प्रत्यक्षात हे एक एकत्र कुटुंब आहे, आणि एकत्र कुटुंबाप्रमाणेच त्यातल्या कोणाचे कोणाशी पटत नाही. त्यातले वडीलधारे म्हणजे मृत्युपत्र. ते खरे आहे, असे कोर्टाने तपासून, शिक्का मारून सांगितले, की त्याचे प्रोबेट होते. हे प्रोबेट पहिल्यापासून मुंबईचे लाडके. १९२५ च्या भारतीय वारसा कायद्यात अशी मेख होती, की मुंबई शहरातल्या घरादाराबद्दलचे हिंदू माणसाचे मृत्युपत्र प्रोबेटशिवाय कोर्टात उभेच राहू शकत नसे. बोईसरच्या घराला ही सक्ती नव्हती. शंभर वर्षे ठोकून ठेवलेली ही मेख संसदेने २०२५ च्या अखेरीस उपटली. तोवर मुंबईतल्या किती पिढ्यांनी तिच्यावर आपली धोतरे फाडून घेतली असतील, ते देव जाणे.

मृत्युपत्रच नसेल तर? मग बँकेतली ठेव आणि शेअर यांच्यासाठी त्याच १९२५ च्या कायद्याखाली सक्सेशन सर्टिफिकेट. वारस म्हणून कोर्टाची मान्यता हवी असेल, तर वारस दाखला. तो मिळतो मुंबई सरकारच्या आठव्या रेग्युलेशनखाली, सन १८२७. छापण्यात चूक नाही. अठराशे सत्तावीसच! एल्फिन्स्टनसाहेबांच्या अमदानीतला कायदा. बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी सुटायला तेव्हा अजून सव्वीस वर्षे होती. आणि शेतजमिनीसाठी तलाठ्याकडची वारस नोंद: गाव नमुना सहा-क मध्ये वारस चढायचे, सहामध्ये फेरफार पडायचा, मग सातबाऱ्यावर नाव लागायचे. तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. नाव लांबले, सज्जा होता तेवढाच राहिला.

म्हणजे आजोबा एक, पण त्यांचे मरण चार ठिकाणी लिहिलेले. चारही ठिकाणी नंबर वेगळा. आणि एका कचेरीतल्या आजोबांची दुसऱ्या कचेरीतल्या आजोबांशी तोंडओळखसुद्धा नाही!

त्यात आमच्या भागाची एक खास मौज आहे. ठाणे जिल्ह्याचे १८८२ सालचे गॅझेटियर उघडा. त्यात पालघर तालुका औषधाला सापडायचा नाही. सापडतो तो माहीम तालुका. माहीम म्हणजे आमचे केळवे-माहीम. मुंबईकराने उगीच हलव्याकडे पाहू नये. तेव्हा पणजोबांच्या कागदावर 'तालुका माहीम, जिल्हा ठाणे'. आजोबांच्या कागदावर 'तालुका पालघर, जिल्हा ठाणे'. १ ऑगस्ट २०१४ ला पालघर जिल्हा झाला, त्यामुळे पुढच्यांच्या कागदावर 'तालुका पालघर, जिल्हा पालघर'. ओटी तीच, खाट तीच, खाटेच्या वरचे कौलही तेच आणि गळतेही त्याच जागी; पण तीन पिढ्या तीन पत्त्यांवर वारल्या. जव्हारकडच्या माणसाला तर यापुढची पायरी आहे. त्याचे आजोबा चक्क दुसऱ्या राज्यात वारलेले असतात, कारण १९४८ पर्यंत जव्हार हे संस्थान होते.

जिल्हा नवा झाला की खुर्च्या नव्या येतात, पाट्या नव्या येतात, गाड्यांवर दिवे नवे लागतात. दप्तराची गोष्ट निराळी. ते सासरी आले की माहेरीच राहिले, हे कोणालाच छातीठोकपणे सांगता येत नाही. इकडे विचारले तर "तिकडं असेल". तिकडे विचारले तर "इकडं पाठवलं असेल". असेल, असेल! सरकारी दप्तराइतका संशयात्मा मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

आता नंबराकडे येतो.

आमच्या आत्याबाईंना एका कागदाची गरज पडली. बोईसर आणि तारापूरच्या मधल्या एका गावात आमच्या आजोबांची थोडी जमीन होती. आजोबा १९६१ साली गेले. जमिनीच्या एका तुकड्यावरून आता सरकारी आखणी गेली, मोबदल्याच्या नोटिसा निघाल्या आणि घरातल्या साऱ्या पुरुषांची नावे त्यांत नीट आली. आत्याबाईंचे नाव नव्हते. आत्याबाईंचे वय चौऱ्याऐंशी. त्यांचे म्हणणे एवढेच, की "बाबा गेले तेव्हा तलाठी घरी आला होता. माझं नाव विचारून लिहून घेतलं होतं. मी स्वतः त्याला चहा दिला." चहा हा पुराव्याच्या कायद्यात बसत नाही, म्हणून मी नोंद शोधायला निघालो.

कचेरी कोणती ते सांगत नाही. सगळ्या कचेऱ्यांना आपलीच वाटेल.

"साहेब, १९६१ सालची एक वारस नोंद बघायची आहे."

"नंबर सांगा."

"नंबर नाही. नाव आहे, गाव आहे, वारल्याची तारीख आहे."

"नावावर नाही सापडत, काका. नंबरावर सापडतं."

"आणि नंबर कुठं मिळेल?"

"नोंदीवर असतो ना!"

"मग नोंद दाखवा."

"नंबर सांगा."

वेदान्तात बीज आधी की वृक्ष आधी, यावर हजारो वर्षे वाद चालू आहे. त्या दोन्ही पक्षांच्या आचार्यांना या खिडकीपाशी आणून उभे करावे. तासाभरात दोघेही द्वैत सोडतील, अद्वैत सोडतील आणि चहा प्यायला जातील.

त्या कारकुनाला मी दोष देत नाही. त्याच्याकडे खुर्ची एक आणि टेबले तीन होती. फळीवरचे गठ्ठे त्याने बांधलेले नव्हते; ते बांधणारे केव्हाच पेन्शन घेऊन, ती संपवून, स्वतः वारस नोंदीचा विषय झालेले होते. सरकारी दप्तराची रीत तशी पक्की असते. सहा गठ्ठ्यांची पद्धत असते. अ, ब, क, ड असे कागदांचे वर्ग असतात. 'अ' कायमचा जपायचा आणि 'ड'ला वर्षाने निरोप द्यायचा. कागद किती वर्षे ठेवायचा याचा एवढा विचार झाला. ठेवलेला कागद माणसाने शोधायचा कसा, याचा विचार मात्र शोधणाऱ्यावर सोपवला.

कचेरीबाहेर पिंपळ होता. पिंपळाखाली झेरॉक्सचे दुकान होते आणि दुकानाच्या फळकुटावर एक गृहस्थ पान जमवीत बसले होते. माझा चेहरा बघूनच ते म्हणाले, "जुनी वारस नोंद ना? गाव कुठलं? साल? आजोबांचं आडनाव?" मी सांगितले. त्यांनी डोळे मिटले. "उद्या नंबर देतो," असे म्हणून त्यांनी दर सांगितला. दर ऐकून मी डोळे उघडे ठेवूनच घरी आलो.

पण वाटेत डोक्यात प्रकाश पडला. या कचेरीला सूची नाही असे कोण म्हणतो? उत्तम सूची आहे! ती गाववार आहे, सालवार आहे, आडनाववार आहे आणि विचारल्याबरोबर उत्तर देते. फक्त ती कचेरीच्या आत फळीवर नसून बाहेर पिंपळाखाली बसते, आणि पान खाते. मला चीड आली ती या गोष्टीची. माहिती नसणे हे दारिद्र्य झाले; ते समजू शकते. माहिती आहे, पण ती सर्वांच्या दप्तरातून एकाच्या डोक्यात गेली आहे आणि तिथून ती किलोच्या भावाने मिळते, याला दारिद्र्य म्हणत नाहीत. याला दुकान म्हणतात.

नंबर मला शेवटी मिळाला, तो एका निवृत्त तलाठीभाऊसाहेबांच्या कृपेने. त्यांनी सांगितलेली युक्ती फुकट वाटतो. पिंपळाखालच्या गृहस्थांनी रागावू नये. आजचा सातबारा घ्या. मालकाच्या नावापाशी वर्तुळात किंवा कंसात एक आकडा असतो. तो फेरफाराचा नंबर. पुष्कळांना तो छपाईचा दोष वाटतो. त्या नंबराच्या फेरफाराची नक्कल काढा. त्यात हे नाव कोणाच्या जागी लागले ते लिहिलेले असते. मग त्या आधीच्या नावाचा जुना सातबारा, त्याच्यापाशी पुन्हा वर्तुळ, पुन्हा फेरफार. अशी एकेक वर्तुळाची पायरी उतरत गेले, की तळाशी आजोबा भेटतात. कोर्टाचा दाखला लागला असेल, तर त्याचा उल्लेखही त्या फेरफारात असतो, आणि मग कोर्टात नकलेचा अर्ज करताना पहिला रकाना रिकामा राहत नाही. फार खाली गेलात, तर मोडी लागते. तिथे वाचणाऱ्याला शोधायचे. पुराभिलेखवाले मोडीच्या परीक्षा घेतात, त्यांत पास झालेली तरुण मुले आहेत. आणि आजोबांनी काय लिहिले ते नातवाला वाचून दाखवायला तिऱ्हाईत लागतो, ही लाज आपली आपण गिळायची.

चार वर्तुळे उतरल्यावर १९६१ ची नोंद सापडली. आत्याबाईंचे नाव होते! मुलगे मालकाच्या रकान्यात आणि आत्याबाई 'इतर हक्कात', त्या काळच्या रिवाजाप्रमाणे. १९५६ च्या कायद्याने मुलगी वारस होतीच. रिवाजाला ती वार्ता पोचायची होती. पुढे केव्हातरी सातबारा नव्याने उतरवताना उतरवणाऱ्याच्या हातून 'इतर हक्क' गळले. कोणी खोडले नाही, कोणी भांडले नाही. शाई वाळेपर्यंत बाई वारसातून गेली. नोंदीची नक्कल मी आत्याबाईंना वाचून दाखवली. त्यांनी चष्मा लावून स्वतःच्या नावावर बोट ठेवले आणि म्हणाल्या, "म्हणजे मी होते तर."

विनोदी लेखात हे वाक्य बसत नाही, याची मला कल्पना आहे. पण ते बसवल्याशिवाय मी पुढे जाणार नाही.

कारण हा एका आत्याबाईचा प्रश्न नाही. आमच्या या किनाऱ्यावर देशाची काहीतरी मोठी गरज दर दहा-पंधरा वर्षांनी येऊन उतरते आणि तिला जमीन लागते. तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ पासून वीज देते आहे. शेजारी एमआयडीसी आली. अणुभट्टी तीन आणि चारसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली. मग मालगाड्यांचा स्वतंत्र मार्ग, मुंबई-वडोदरा महामार्ग, बोईसरला स्टेशन असलेली बुलेट ट्रेन. आणि जून २०२४ मध्ये केंद्राने मंजूर केलेले वाढवणचे बंदर. या प्रकल्पांच्या बाजूने बोलणारे आहेत, विरुद्ध बोलणारे आहेत. मी आज कुणाच्याच बाजूने बोलत नाही. मी एवढेच बघतो, की प्रत्येक प्रकल्प गावात आल्याबरोबर पहिला प्रश्न विचारतो, मालक कोण? आणि सातबाऱ्यावरून उत्तर येते एका मेलेल्या माणसाचे. नोटीस त्याच्या नावाने निघते. तो घ्यायला येत नाही. येतात ते सतरा वारस, अठरा वकील. वाटणीचा वाद उभा राहिला, की मोबदला प्राधिकरणाकडे जमा होतो आणि वारस एकमेकांकडे बघत बसतात. ज्याच्याजवळ जुना कागद, तो मालक. ज्याच्याजवळ नाही, तो वादी. ज्याला पिंपळाखालचा दर परवडला, त्याच्याजवळ कागद!

वारली-कोकणा पाड्यांवर तर गाठ आणखी घट्ट आहे. हिंदू वारसा कायदा अनुसूचित जमातींना आपोआप लागू नाही. तिथे रूढी बघतात. मग आजाच्या वेळी नावे कशी चढली होती, हे त्या जुन्या नोंदीतूनच काढावे लागते. ज्याला नोंदीची सगळ्यांत जास्त गरज, त्यालाच विचारायचे, "नंबर सांगा"!

आता विद्वान लोक मला अडवतील. ते तसे अडवतातच.

पहिले विद्वान म्हणतील, "अहो, आता सगळं ऑनलाइन झालंय." झाले आहे, आणि चांगले झाले आहे. पंधरा रुपयांत सहीशिक्क्याचा सातबारा घरबसल्या मिळतो, आणि तो नावावरूनही शोधता येतो, बरं का! म्हणजे नावावर सापडत नाही, हा निसर्गनियम नव्हे. जुने दप्तरही स्कॅन होते आहे. पण तिथे गाव निवडले, कागदाचा प्रकार निवडला, की पुढचा चौकोन पुन्हा नंबरच मागतो. पिंपळाखालच्या प्रश्नाला आम्ही पडद्यावर आणला. नव्या गोदरेजच्या कपाटाला जुनेच कुलूप लावले आणि किल्ली आतच राहिली.

दुसरे म्हणतील, "माहितीचा अधिकार आहे ना! दहा रुपये टाका, तीस दिवसांत उत्तर." आहे. पण कोर्टाच्या कागदांना तो दरवाजा नाही. नक्कल कोर्टाच्या नियमांनीच मागायची, असे सुप्रीम कोर्टाने मार्च २०२० मध्ये सांगितले. ते नियम वाईट नाहीत. अर्ज, स्टँप, तारीख, शिक्का, सारे काही नेमस्त आहे. फक्त दाव्याचा क्रमांक ठाऊक पाहिजे. पुन्हा आपण खिडकीपाशी!

तिसरे विद्वान सर्वांत गंभीर असतात. ते चष्मा पुसत म्हणतात, "वारशाच्या गोष्टी खाजगी असतात. कोणीही येऊन वाचायला लागला, तर घराघरांत भांडणं लागतील." या गृहस्थांनी १९०८ चा नोंदणी कायदा वाचावा. नोंदवलेल्या मृत्युपत्राची नक्कल, करणारा जिवंत असेपर्यंत, त्याला किंवा त्याच्या मुखत्यारालाच मिळते. तो वारल्यावर मात्र अर्ज करील त्या कोणालाही! केवढा शहाणपणा आहे त्यात. जिवंतपणी गुपित, मेल्यावर उघडे. आणि भांडणांचे म्हणाल, तर ती कागद सापडल्याने लागत नाहीत. कागद एकालाच सापडल्याने लागतात.

शिवाय सूची ही काय परकी वस्तू आहे? बोईसरमध्ये वन-रूम-किचन घेणारा कारखान्यातला फिटरसुद्धा एजंटाला विचारतो, "इंडेक्स टू कुठाय?" तो इंडेक्स टू त्याच १९०८ च्या कायद्याचा. फ्लॅट विकला, की सूची होते. माणूस मेला, की होत नाही. ज्या इंग्रजाने आम्हाला १८२७ चे रेग्युलेशन दिले, त्याने स्वतःच्या घरी १८५८ पासून दरसाल प्रोबेटची यादी ठेवली. मृताच्या आडनावाने, अकारविल्हे. तिकडे कोणीही जाऊन आडनाव सांगावे आणि मृत्युपत्राची प्रत मागावी. इंग्रज गेला तेव्हा टेबले ठेवून गेला, खुर्च्या ठेवून गेला, लाल फीत तर मुबलक ठेवून गेला. यादी तेवढी आपल्याबरोबर घेऊन गेला.

आता माझी मागणी ऐका. ती इतकी लहान आहे, की तिच्यासाठी समिती नेमायची कोणाला लाज वाटावी. चार रकान्यांची एक वही करा. साल, गाव, मृताचे नाव, नंबर. बस्स. आत काय लिहिले आहे ते नको, वाटण्या नकोत, कोणाची भानगड नको. कोर्टाच्या वारस दाखल्यांची एक, तलाठी-दप्तरातल्या वारस नोंदींची एक. जुन्या नोंदीत 'माहीम' असेल, तर पुढे कंसात 'पालघर' लिहा. ती वही कचेरीत टांगा, तिची एक प्रत गावच्या वाचनालयात ठेवा आणि मग खुशाल कंप्युटरवर घाला. काम मोठे आहे, असे म्हणू नका. दर निवडणुकीला गावातल्या एकूण एक माणसाचे नाव, वय आणि बापाचे नाव छापून तुम्ही भिंतीवर लावता. त्या यादीत मेलेली माणसे जिवंत म्हणून सापडतात. मग वारसांच्या यादीत जिवंत माणसे जिवंत म्हणून सापडायला काय हरकत आहे?

सार्वजनिक कागदाची नक्कल, ज्याला तो पाहण्याचा हक्क आहे त्याने मागितली, तर दिलीच पाहिजे, हे १८७२ च्या पुरावा कायद्यात होते आणि त्याच्या जागी जुलै २०२४ पासून आलेल्या साक्ष्य अधिनियमातही आहे. हक्क दीडशे वर्षे जुना आहे. त्याच्यापर्यंत जायचा रस्ता तेवढा बांधायचा राहिला.

माणूस आपल्या माणसांना नावाने ओळखतो. आईने नाव ठेवले, बारशाला घुगऱ्या वाटल्या, हाका नावाने मारल्या आणि स्मशानातून परतताना लोक नावच घेत होते. नंबर कचेरीने दिला, तो कचेरीच्या सोयीसाठी. तो लक्षात ठेवायचे काम कचेरीचे. म्हणून यापुढे खिडकीतून तो प्रश्न आला, तर माझे उत्तर ठरलेले आहे. साहेब, नाव आम्ही सांगतो. नंबर तुम्ही सांगा.